डोलकाठी रोवायची, बसवायची की उभारायची?

मालवणात मुलांना शिडाची होडी शिकवतात, तिथलं एक माहितीपत्रक तपासायला आलंय. भाषांतरात वाक्य आहे: ‘डोलकाठी पायरीवर चढवा.’ मूळ शब्द ‘स्टेप’. होडीत पायरी कुठली? वाचणारं पोर ती शोधत बसेल. मी ‘डोलकाठी रोवा’ असं करायचं म्हणतोय. किनाऱ्यावरच्या मंडळींनी सांगा, चालेल का?

*देवगडहून:* रोवा नको. रोवायचं म्हणजे जमीन खणून आत घालायचं. होडीवर काठी बसवणं आणि ती उभी करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांना शब्दही दोन आहेत. होडीच्या तळाशी मधोमध जाड ठोकळा असतो, त्याला खोबण. तुमची ‘स्टेप’ ती हीच. डोलकाठीचा बुंधा तासून कुसू केलेला असतो, तो खोबणीत ‘बसवायचा’. मग शेंडा उचलत काठी ‘उभी करायची’. आमचे वडील बुंध्याशी वाकून बसायचे, आम्ही दोघं भाऊ खांद्यावर काठी घेऊन मागे. ‘बूड बसला मा?’ असं आम्ही विचारायचं आणि ‘बसला’ ऐकू येईपर्यंत एक पाऊल पुढे टाकायचं नाही. एकदा मी घाई केली. कुसू अर्धाच आत गेला होता. काठी उभी होता होता बुंधा सटकला आणि बसायची आडवी फळी उभी चिरली. वडील ओरडले नाहीत, हाताने फळी चाचपत राहिले. म्हणून पत्रकात ही दोन कामं एका क्रियापदात कोंबू नका, एवढं कळकळीने सांगतो.

*हर्णैहून:* काकांशी सहमत. ‘उभी करणे’ऐवजी ‘उभारणे’ही छान, गुढी उभारतो तसं. मात्र मग शिडाला ‘चढवणे’ राखून ठेवा. डोलकाठी उभारली, शीड चढवलं. दोन्हीकडे ‘उभारा’ लिहिलंत तर शिकणाऱ्याचा गोंधळ होईल. काठीला आधार देणाऱ्या दोरांना तंबूचा ‘तणावा’ घ्या. तणावे म्हटलं की ताणून बांधायचे, हे आपोआप कळतं. आणि पत्रकात कुठे ‘सरळ उभी करा’ असेल तर त्यातलं ‘सरळ’ काढा. पडाव नावाच्या जुन्या शिडाच्या होड्यांची काठी पुढे, नाळेकडे म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे कललेली असायची. हल्लीच्या छोट्या होड्यांची बहुधा किंचित मागे कलते. किती कलायचं ते तणावे ठरवतात.

*अलिबागहून:* थोडं शब्दाबद्दल. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडात ‘डोलाच्या काठ्या’ येतात. म्हणजे नुसत्या ‘डोल’लाही तोच अर्थ होता. पण आमच्या कोळीवाड्यात ‘डोल’ म्हटलं की भरती-ओहोटीच्या ओढीत लावायचं पिशवीसारखं जाळं, बोंबलाचं. त्यावरून डोलकर. तेव्हा पत्रकात पूर्ण ‘डोलकाठी’च लिहा. अमरकोशात डोलकाठीला दोन शब्द आहेत, कूपक आणि गुणवृक्षक. गुण म्हणजे दोर, तेव्हा गुणवृक्षक म्हणजे दोरांचं झाड. तणावे बांधलेली काठी बंदरावरून पाहिली की हा शब्द किती नेमका आहे ते कळतं. गुजरातीत आजही कूवाथंभ म्हणतात.

*पुन्हा मालवणहून:* सगळ्यांचे मनापासून आभार. ‘पायरी’ गेली, ‘रोवा’ही गेलं. आता मजकूर असा केलाय:

‘आधी वर विजेच्या तारा नाहीत ना, ते पाहा. बुंध्याचा कुसू खोबणीत बसवा. एकाने बुंधा धरून ठेवावा, दुसऱ्याने शेंड्याकडून हात बदलत पुढे यावं, तिसऱ्याने नाळेवरून पुढचा तणावा ओढावा. काठी उभी राहिली की तिन्ही तणावे बांधा, मगच हात सोडा.’

*देवगडहून:* उत्तम. फक्त दुसऱ्या वाक्यानंतर एवढं घाला: ‘“बसला का?” असं मोठ्याने विचारा. “बसला” ऐकू आल्यावरच शेंडा उचला.’