रेल्सच्या टेम्प्लेटमध्ये बरोबरचे चिन्ह नेमके कधी द्यावे?

प्रश्न:
रूबी ऑन रेल्स (रूबी भाषेत वेबसाइट बनवण्याचे साधन) शिकताना मी विद्यार्थ्यांची यादी दाखवणारे पान तयार केले आणि टेम्प्लेटमध्ये (एचटीएमएलमध्ये रूबीचा कोड मिसळलेल्या फाइलमध्ये) 'ईच'चा, म्हणजे यादीतील प्रत्येकासाठी एकदा चालणारा, लूप <%= ने उघडला. यादी व्यवस्थित दिसते. परंतु तिच्याखाली चौकटी कंसांत सर्व विद्यार्थ्यांची माहिती, अगदी जन्मतारखांसह, एका लांबलचक ओळीत पुन्हा उमटते. = काढले की ती ओळ जाते. मात्र त्याच पानावरील शोधाच्या फॉर्मचे = काढले, तर काहीही एरर न येता फॉर्मच नाहीसा होतो. असे का व्हावे?

प्रतिसाद 1:
<% आणि <%= या दोन्हींमधला कोड चालतोच; त्यातून परत आलेली किंमत पानात लिहायची की सोडून द्यायची, एवढेच = ठरवते. 'ईच'च्या आतला मजकूर प्रत्येक फेरीला पानात जमा होत असतो आणि फेऱ्या संपल्यावर 'ईच' ज्या यादीवर चालली तीच परत करते, म्हणून = दिल्यावर आपल्याला ती खाली छापलेली दिसली. फॉर्म बनवणाऱ्या 'फॉर्म_विथ'चे उलट आहे: ती आतला मजकूर गोळा करून फॉर्मचे संपूर्ण एचटीएमएल परत करते, आणि ते छापलेच नाही तर वाया जाते. 'इफ'ला चुकून = लावले तर निदान सिंटॅक्स एरर तरी येते; 'ईच' मात्र निमूटपणे चालून जाते.

प्रतिसाद 2:
वरील उत्तराशी सहमत आहे. जुन्या लेखांत 'फॉर्म_फॉर' (तीही फॉर्मच बनवते) बिना = चे आढळेल, कारण 2010 मध्ये आलेल्या रेल्स 3 पूर्वी तसेच लिहीत असत. त्याच आवृत्तीपासून <%= मधला मजकूर आपोआप एस्केप होऊ लागला, म्हणजे त्यातले एचटीएमएल टॅग न चालता साध्या अक्षरांसारखे दिसू लागले. <%== ही खूण ते एस्केपिंग टाळते, त्यामुळे वापरकर्त्याने भरलेल्या मजकुरासाठी ती कधीही वापरू नये.
आणखी एक, विचारलेले नसले तरी: एखादी <%= ची ओळ तात्पुरती बंद करण्यासाठी तिच्याभोवती एचटीएमएलची कॉमेंट घालू नका. कोड सर्व्हरवर चालतोच आणि त्याचे फलित पानाच्या सोर्समध्ये कोणालाही वाचता येते. त्यासाठी <%# वापरावे.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. लूपचे = काढले आहे. दुसरा प्रतिसाद वाचून पानाचा सोर्स उघडला, तेव्हा गेल्या आठवड्यात मी अशाच कॉमेंटमध्ये 'लपवलेला' जन्मतारखांचा रकाना तिथे जसाच्या तसा सापडला.