दहावीनंतर थेट गॅरेज की आधी आयटीआय?

कळंबेकर (धागा सुरू करणारा):
भाच्याची दहावी झाली. पुस्तकात मन लागत नाही, पण गाडी खोलायला बसला की जेवणाची शुद्ध राहत नाही. दाजींनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळखीच्या मिस्त्रींशी बोलून ठेवलंय. "उद्यापासून पाठवा, हाताखाली राहू दे, दोन वर्षांत तयार होतोय." यावरून घरात रोज वादावादी. माझं मत मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा.

हे काम चांगलं आहे, त्यात पोट भरतं, मानही मिळतो. पण आजच्या घडीला पोराला शिक्षण सोडायला लावून नुसता पाना हातात देणं म्हणजे त्याची वाट अर्ध्यावर अडवणं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाडीच्या धुराचे कडक नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जाऊन सेन्सर आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आला. मागं आमची स्कूटर चालता चालता बंद पडायची, इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा. एका गॅरेजात आधी इंजेक्टर बदलला, मग पेट्रोलचा पंप. पैसे गेले, दिवा तसाच. दुसरीकडं एका पोरानं आधी व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर लावला. थ्रॉटलच्या सेन्सरला पाच व्होल्ट सलग मिळायला हवेत, ते येत-जात होते. सॉकेट काढलं तर पिनेवर हिरवा गंज, धुतानाचं पाणी आत शिरलेलं. पीन घासली, सॉकेट नीट बसवलं, काम झालं. त्या पोराचा आयटीआय झालेला होता.

म्हणून आधी मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड, गॅरेज नंतर.

वस्ताद_उद्यमनगर:
एका गॅरेजवरचा राग सगळ्यांवर काढू नका. माझ्याकडं सर्टिफिकेट घेऊन आलेली पोरं क्लच प्लेट बदल म्हटलं की एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. वर्गात एका इंजिनाभोवती अख्खी बॅच, आणि ते इंजिनही आधीच खोलून ठेवलेलं. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं तेव्हाच हात बसतो.

२०१९ चा महापूर आठवा. पाणी उतरल्यावर शाहूपुरी, बावड्यातनं लोक गाड्या ढकलत आणत होते. ज्यांनी घरीच स्टार्टर मारला त्यांतल्या कितीतरी गाड्यांचे कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेले दांडे, वाकलेले. सिलिंडरात पाणी असलं की ते दबत नाही, मग रॉडच वाकतो. आमच्या पोरांनी आधी प्लग काढला, किक मारून पाणी बाहेर काढलं, ऑइल सोडलं. दुधाच्या चहासारखं निघालं की नवं घालायचं, थोडं फिरवायचं, परत सोडायचं. ही पोरं कुठल्याच वर्गात बसलेली नव्हती.

निदेशक_मोटार:
वस्ताद, साधनं कमी पडतात ही तक्रार काही ठिकाणी खरी आहे, नाकारत नाही. पण पुढचं काय? इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीत तीनशे-चारशे व्होल्ट असतात. त्या व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावण्याआधी बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, थांबायचं, मीटरनं व्होल्टेज शून्य झालंय का बघायचं, हातात इन्सुलेटेड ग्लोव्हज. इथं 'बघून बघून शिकेल' म्हणणं म्हणजे पोराच्या जिवाशी खेळ. तिथं चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही.

आणि आयटीआय म्हणजे फक्त वर्ग असंही नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एसटीच्या वर्कशॉपमध्ये किंवा कारखान्यात विद्यावेतनावर काम करता येतं. दोन वर्षं जड वाटत असतील तर डिझेल मेकॅनिकचा ट्रेड एका वर्षाचा आहे.

गारगोटीचा_मेकॅनिक:
तुम्ही सगळे शिकण्यावर बोलताय, पैशाचं कुणीच काढेना. मी दहावीनंतर थेट गॅरेजात गेलो. पहिलं वर्ष चहा आणणं, गाड्या पुसणं, डिझेलनं पार्ट धुणं. हातात मिळायचे ते एसटीच्या भाड्याला पुरायचे नाहीत. विचारलं की "शिकतोयस ना, मग पैसे कसले?" माझ्याबरोबरची पोरं कामात कच्ची नव्हती, तरी त्यांनी याच कारणानं हा धंदा सोडला. कोण शेतीला गेला, कोण शिरोलीत फाउंड्रीला. मिस्त्री मिळत नाही म्हणून आज गॅरेजवाले ओरडतात, त्याचं मूळ इथं आहे.

वस्ताद_उद्यमनगर:
पैशाचं खरं आहे. पण नवखा पोरगा बोल्टचे आटे मारतो, गिऱ्हाइकाचा पार्ट तोडतो, ते नुकसान मी सोसतो. पहिल्या दिवसापासून पगार कुठनं देऊ?

गारगोटीचा_मेकॅनिक:
पूर्ण पगार कोण मागतंय? भाडं आणि जेवण सुटेल एवढं पहिल्या महिन्यापासून द्या. आणि इंजिनाला हात कधी लावू देणार, ते आधीच सांगा.

कळंबेकर:
हे पटलं. आयटीआयवर मी अजून ठाम आहे, पण संध्याकाळी आणि सुट्टीत भाचा गॅरेजात जाईल, याला आता माझी हरकत नाही. दाजींना सांगतो, मिस्त्रींकडं जाताना पोराला बरोबर घ्या आणि पैसे किती, इंजिनकाम कधीपासून, या दोन गोष्टी त्याच्यासमोर बोलून घ्या. वस्ताद, भाडं-जेवणावर तुम्ही तयार असाल तर आधी तुमच्याकडंच येतो.

वस्ताद_उद्यमनगर:
या. संध्याकाळी सहानंतर पाठवा, पायात बूट असू देत. चपलेवर मी गाडीजवळ उभं करत नाही. पण दोन महिने गेले की परत विचारणार, वर्गात जास्त शिकला का इथं.