राऊटरने पहिलाच डव्हटेल जोड: सांधा सैल का राहतो?

प्रश्न: आजवर स्क्रू आणि गोंद यांवरच काम भागवले, आता मात्र ड्रॉवरच्या कोपऱ्यांसाठी राऊटर (लाकडात खाचा कापणारे फिरत्या पात्याचे यंत्र) आणि जिग (फळ्या धरून राऊटरला वाट दाखवणारा साचा) वापरून, समोरून न दिसणारा डव्हटेल जोड (कबुतराच्या शेपटीसारख्या दातांनी एकमेकांत अडकणारा सांधा) प्रथमच करून पाहिला. बिट (राऊटरचे कापणारे पाते) 14 अंशांचे, 12.7 मिमी व्यासाचे आहे. सांधा बसला, पण हात लावताच डुगडुगतो. शिवाय फळीच्या कडेच्या ढलप्या निघाल्या. माझे नेमके काय चुकते आहे?

उत्तर 1: या जिगमध्ये दोन्ही फळ्या एकाच वेळी कापल्या जात असल्याने सांध्याची घट्टी बिटच्या खोलीवर ठरते. सांधा सैल असेल तर बिट किंचित खोल घ्या आणि फारच घट्ट असेल तर वर घ्या. मात्र एका वेळी पाव मिलिमीटरहून अधिक बदल करू नका. त्याच जाडीच्या टाकाऊ फळ्यांवर चाचणी घेतल्याशिवाय खऱ्या लाकडाला हात लावू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

उत्तर 2: ढलप्यांसाठी प्रथम कडेवरून उजवीकडून डावीकडे राऊटर अगदी हलकेच फिरवा आणि मगच पूर्ण खोली कापा. या हलक्या फेरीत राऊटर पुढे ओढ घेतो, म्हणून पकड घट्ट ठेवा. बिट फिरत असताना राऊटर वर उचलू नका; टोकाशी रुंद असलेले ते बिट जोड आणि जिग दोन्ही फाडते.

प्रश्नकर्ता: बिट दोनदा थोडे खोल घेतले, आता सांधा लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसतो. मनापासून आभार.