आईबाबांना घेऊन स्पेनला जातोय, रात्रीच्या जेवणाचं आणि तापासचं कसं जमवायचं?

मुसाफिर_कोथरूड
नमस्कार मंडळी. मेच्या शेवटी आईबाबांना घेऊन माद्रिद, सेव्हिया, ग्रानादा असं करतोय. हॉटेल, रेल्वे सगळं बुक झालंय पण जेवणाचं गणित काही केल्या सुटत नाहीये. जे रेस्टॉरंट बघावं ते रात्री साडेआठशिवाय उघडतच नाही, आणि बाबांना शुगर आहे, घरी पावणेआठला ताट वाढलेलं असतं, गोळ्यांची वेळ त्यावरच ठरलेली. आई शाकाहारी, अंडं चालतं पण मासे-मटण अजिबात नाही. तापास (बारमध्ये मिळणाऱ्या पदार्थांच्या छोट्या प्लेटी) खायची मात्र दोघांनाही खूप हौस आहे. बारमध्ये सत्तरीच्या माणसांना बसायला मिळतं का? चांगली जागा ओळखायची कशी? कुणी जाऊन आलं असेल किंवा तिथे राहत असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

माद्रिदवासी
दादा, मी इथेच राहतो, माझे आईवडील दर उन्हाळ्यात येतात त्यामुळे हे सगळं रोजचंच आहे. सगळ्यात आधी एक करा, मुख्य जेवण दुपारी हलवा. स्पेनमध्ये दुपारचं जेवणच मोठं असतं, दोन ते चार. सोमवार ते शुक्रवार बहुतेक साध्या हॉटेलांत 'मेनू देल दिया' असतो, म्हणजे एक पहिला पदार्थ, एक दुसरा, ब्रेड, एक ड्रिंक आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं मिळून माद्रिदमध्ये साधारण 13 ते 17 युरो. दीडला जाऊन बसलात तर टेबल आरामात मिळतं, अडीचला ऑफिसवाले येतात मग रांग. बाबांनी गोडाऐवजी कॉफी घ्यावी, तेवढ्याच पैशात देतात.

आता संध्याकाळ. चार ते आठ बंद असतं ते किचन, बार नाही. कोपऱ्यावरचा साधा बार सकाळपासून रात्रीपर्यंत उघडा असतो आणि काउंटरवर काचेखाली बटाटा-अंड्याची तॉर्तिया, चीज, ऑलिव्ह ठेवलेले असतात, ते साडेसातलाही मिळतं. बाबांचं त्यात निभावतं, फक्त तॉर्तियात बटाटा भरपूर असतो एवढं लक्षात ठेवा. गोळ्यांच्या वेळेचं मात्र निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. 'कोसीना इनिन्तेर्रुम्पिदा' अशी पाटी दिसली तर तिथलं किचन दिवसभर चालू, गरम जेवण कधीही मिळेल.

आणि उशीर उशीर म्हणतो तो सूर्याच्या हिशोबाने तितका नाहीये. 1940 साली हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने घड्याळं एक तास पुढे नेली ती परत मागे आलीच नाहीत, त्यात उन्हाळ्यात अजून एक तास पुढे. मे अखेर माद्रिदला सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. नऊला बाहेर लख्ख उजेड असतो, त्यामुळे दुपारी थोडी झोप काढली तर आईबाबांनाही जड जाणार नाही.

गूळपोळी
शाकाहाराचं मी सांगते, मी स्वतः शाकाहारी आहे आणि सेव्हिया-ग्रानादा मनसोक्त खाऊन आले. नुसतं 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको म्हणून भागत नाही, हॅम आणि टूना ही मांसात धरत नाहीत बरेच जण. 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून' (मांस, हॅम, मासे, टूना काहीच नको) असं एका दमात म्हणायचं, आईंच्या मोबाईलवर लिहूनच द्या. क्रोकेटा (तळलेले छोटे रोल) विचारल्याशिवाय घेऊ नका, आत बहुतेक वेळा हॅम असतं. एन्सालादिया रूसा दिसायला बटाट्याचं सॅलड पण त्यात टूना. मसूर-छोल्यांच्या रश्श्यात चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) पडलेला असतो.

पण मिळतं ते काय सुंदर असतं! सेव्हियात एस्पिनाकास कोन गार्बान्सोस घ्याच, पालक आणि छोले, जिरं-लसूण घातलेले, आईंना पहिल्या घासालाच आवडेल. साल्मोरेखो म्हणजे टोमॅटो-ब्रेडचं थंडगार दाट सूप, वर हॅमचे तुकडे टाकतात ते नको म्हणून आधीच सांगायचं. आणि बेरेंखेनास कोन मिएल, वांग्याचे कुरकुरीत काप आणि त्यावर चक्क उसाची काकवी. मी तर रोज घ्यायचे.

ग्रानादात ड्रिंकबरोबर तापा फुकट येतो, दुसरं ड्रिंक घेतलं की वेगळा तापा. दारू घ्यायलाच हवी असं नाही, कोला किंवा मोस्तो (द्राक्षाचा रस) मागितला तरी येतो. पण काय येणार हे बरेचदा बारवाला ठरवतो म्हणून शाकाहारीचं ड्रिंक मागतानाच सांगा, प्लेट आल्यावर नको. सेव्हियात तापा विकत असतो, साधारण तीन ते पाच युरो.

पिंचोप्रेमी
जागा ओळखायची माझी पद्धत सांगतो. दारात पाएयाचे (स्पॅनिश भाताचे) मोठे फोटो, आत ओढणारा माणूस, पाच भाषांतला मेनू असं दिसलं की पुढे चालायचं. फळ्यावर खडूने लिहिलेले मोजके पदार्थ आणि काउंटरला आजूबाजूची म्हातारी मंडळी उभी, तिथे आत शिरायचं. एकाच ठिकाणी पोटभर खायचं नाही, त्या बारचा जो खास पदार्थ असेल तो एक घ्यायचा आणि पुढच्या बारला. बाबांना मात्र काउंटरपेक्षा टेबल बरं, बाहेर तेरासावर, म्हणजे उघड्यावरच्या टेबलांवर बसलं तर काही ठिकाणी दर थोडा जास्त असतो एवढंच. माद्रिदचं मेर्कादो दे सान मिगेल (खाण्याच्या स्टॉल्सचं मार्केट) टाळा, फार महाग आहे.

माद्रिदवासी
@पिंचोप्रेमी महाग आहे हे खरं, बसायला जागाही कमी. पण सकाळी दहापासून रात्री बारापर्यंत सलग चालू असतं, सगळं समोर मांडलेलं त्यामुळे आईंना बघून निवडता येतं. पहिल्या संध्याकाळी, थकून आल्यावर, मी तरी नेईन.

मुसाफिर_कोथरूड
खूप खूप आभार सगळ्यांचे, आईला वांगं-काकवी वाचून दाखवलं, खूश आहे! एकच विचारायचं राहिलं, सेव्हियाला आम्ही रविवारी संध्याकाळी पोचतोय, काही अडचण?

गूळपोळी
रविवारी रात्री आणि सोमवारी बरेच चांगले बार बंद असतात, सुपरमार्केटही रविवारी बहुतेक बंदच. माद्रिदहून निघायच्या आधी दुपारी नीट जेवून घ्या, फळं-चीज-ब्रेड शनिवारीच घेऊन ठेवा. आणि सेव्हियात उतरल्यावर हॉटेलवाल्यांना आज जवळ काय उघडं आहे ते विचारा, नदीपलीकडे त्रिआनात काही ना काही चालू असतंच.