मदत हवी आहे: आईच्या पायातली शिर कडक झालीये आणि रक्ताच्या रिपोर्टचा काही ताळमेळ लागत नाहीये

मंडळी, जरा मोठं होणार आहे पण प्लीज पूर्ण वाचा, अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात आणि आत्ता माझ्यात तेवढा धीर नाहीये.

आई ६२ वर्षांची. डाव्या पायाला व्हेरिकोज व्हेन्स धाकट्या भावाच्या बाळंतपणापासून, म्हणजे तीसेक वर्षं झाली. संध्याकाळी पाय जड होणं, रात्री पोटरीत गोळा येणं, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी पडत जाणं, हे सगळं तिने अंगवळणी पाडून घेतलंय, कधी तक्रार नाही. बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे, बाकी काही नाही. नऊ दिवसांपूर्वी गुडघ्याखाली आतल्या बाजूची एक शिर लाल झाली, वरून बोट फिरवलं तर कातडीखाली पेन्सिल ठेवल्यासारखी कडक लागते, गरम पण आहे, आणि ती हातसुद्धा लावू देत नव्हती.

डॉपलर (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) केला. त्यात लिहिलंय की खोल शिरा मोकळ्या आहेत, प्रोबने दाबल्यावर नीट चपट्या होतात, म्हणजे डीव्हीटी (खोल शिरेतली गुठळी) नाही. पण वरवरच्या मोठ्या शिरेत गुडघ्याखाली ७ सेमी लांब गुठळी आहे, ही शिर जांघेत खोल शिरेला मिळते त्या जोडापासून बरीच लांब, आणि जांघेतली शिरेची झडप गळतेय. इथपर्यंत मला समजलं.

खरा गोंधळ रक्ताचा. आईच्या हाताच्या शिरा कधीच पटकन सापडत नाहीत. त्या दिवशी तीनदा टोचलं, पट्टा घट्ट बांधून ठेवलेला, मूठ उघड मीट उघड मीट करायला लावली, मग शेवटी हाताच्या मागच्या बाजूने अगदी बारीक धारेने थेंब थेंब रक्त आलं, नळी भरायलाच किती वेळ गेला आणि आई दुसरीकडे बघत ओठ आवळून बसली होती. संध्याकाळी रिपोर्ट आले:

डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणारे तुकडे) ७८० (एफईयू या एककात, नॉर्मल ५०० च्या आत)
प्लेटलेट ६४ हजार
पोटॅशियम ६.१
हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन नॉर्मल

आता एक डॉक्टर म्हणतात गुठळी मोठी आहे, रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू करा. दुसरे म्हणतात ६४ हजार प्लेटलेट असताना मी ते देणार नाही, आधी रक्ताच्या डॉक्टरांना दाखवा. दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटतात आणि मधे आई. तिला कुठे खरचटलं नाही, हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर लाल ठिपके नाहीत, ताप नाही. मग प्लेटलेट इतक्या कमी कशा? आणि डी-डायमर वाढलाय म्हणजे डॉपलरमध्ये काही सुटलंय का? रात्री तिला श्वास नीट येतोय ना हे बघायला मी दोनदा उठते. कुणाला असा अनुभव असेल तर सांगा, खूप उपकार होतील.

प्रतिसाद १
ताई, मी लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलंय. सगळ्यात आधी रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात काही शेरा आहे का ते बघा, हा भाग लोक वाचतच नाहीत. "सॅम्पल हेमोलाइज्ड" (लाल पेशी फुटलेल्या) किंवा "प्लेटलेट क्लम्प्स दिसले" (प्लेटलेटचे गठ्ठे) असं काही?

पोटॅशियमचं म्हणाल तर ते लाल पेशींच्या आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. बारीक सुईतून जोर लावून रक्त ओढलं की पेशी फुटतात आणि ते सगळं बाहेर येतं, पट्टा खूप वेळ बांधून मूठ आवळत राहिलं तरी आकडा वर जातो. पण म्हणून ६.१ कडे दुर्लक्ष करू नका हं, टेल्मिसार्टनने खरंच पोटॅशियम वाढू शकतं आणि त्याचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो. आजच्या आज परत तपासा, सोबत ईसीजी.

प्लेटलेटचंही तसंच असू शकतं. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन) असतं, काही लोकांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या गठ्ठ्याला प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. पेशंटला काहीही झालेलं नसतं, आकडा खोटा असतो. निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत परत मोजायला सांगा (त्यातला आकडा १.१ ने गुणतात, कारण नळीत आधीच द्रव असतो) आणि काचेवर स्मिअर करून डोळ्यांनी बघायला सांगा. दोन डॉक्टरांचं भांडण कदाचित या एका नळीवरच आहे.

प्रतिसाद २
डी-डायमरबद्दल माझ्या वडिलांच्या वेळी डॉक्टरांनी जे समजावलं ते सांगतो. ही टेस्ट कमी आली तर उपयोगाची, कारण ज्याच्यात गुठळीची शक्यता डॉक्टरांना मुळातच कमी वाटते त्याला गुठळी नाही म्हणता येतं. जास्त आली तर ती एकटी फार काही सांगत नाही. इन्फेक्शन, सूज, ऑपरेशन, गरोदरपण, नुसतं वय, कशानेही वाढते. पन्नाशीनंतर वय गुणिले १० ही मर्यादा धरतात, म्हणजे आईंची ६२०. त्यात वरवरच्या शिरेत गुठळी आहेच, मग ७८० येण्यात नवल नाही. डॉपलरवर विश्वास ठेवा, पण पाय अजून सुजला किंवा दुखणं वर मांडीकडे सरकलं तर परत करा. आणि अचानक धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं तर वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सीत.

प्रतिसाद ३
स्टॉकिंग्ज आपल्या मनाने घालू नका. आधी पायाच्या धमन्यांचा रक्तपुरवठा नीट आहे ना ते बघून घ्या, नाहीतर घट्ट मोज्यांनी नुकसान होतं. आणि आईंना झोपवून ठेवू नका, चालू द्या, पोटरी हाच शिरांचा पंप आहे.

पुन्हा मी
सगळ्यांचे मनापासून आभार. शेरा होता!! दोन्ही होते, पोटॅशियमसमोर "हेमोलाइज्ड" आणि खाली "क्लम्प्स, पुन्हा तपासणी करावी". एवढ्या जणांनी तो कागद हातात घेतला आणि कुणीच वाचलं नाही, मीसुद्धा.

काल परत रक्त दिलं. यावेळी आधीच सांगितलं शिर सापडत नाही म्हणून, तर त्यांनी आईला भरपूर पाणी प्यायला लावलं, हात कोमट पाण्यात धरायला सांगितला, पट्टा शिर सापडल्यावर लगेच सैल केला आणि एकदाच टोचलं. पोटॅशियम ४.३. ईसीजी नॉर्मल. सायट्रेट नळीत प्लेटलेट २ लाख १२ हजार. मी ते बघून जिन्यातच बसले.

दोन्ही डॉक्टरांना रिपोर्ट पाठवला, आता दोघांचंही एकच मत आहे. गुठळी ५ सेमीपेक्षा लांब आणि जांघेच्या जोडापासून दूर, म्हणून फॉन्डापॅरिनक्स (रक्त पातळ करायचं इंजेक्शन) २.५ मिग्रॅ रोज एक, ४५ दिवस. जोडाच्या ३ सेमीच्या आत असती तर डीव्हीटीसारखीच पूर्ण डोसची ट्रीटमेंट द्यावी लागली असती म्हणाले. झडपेचं लेझर वगैरे हे शांत झाल्यावर बघू.

ईडीटीएचा हा प्रकार आईच्या फाईलवर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय.

आता एकच विचारायचंय. इंजेक्शन मीच देतेय, पोटावर, बेंबीपासून लांब, रोज बाजू बदलून. आज दुसऱ्या दिवशी टोचलेल्या जागी रुपयाएवढं निळं पडलंय. दुखत नाही म्हणते. उद्या डॉक्टरांना फोन करणारच आहे, पण ज्यांनी घरी दिलंय त्यांनी सांगा, चिमटीत कातडी किती वेळ धरून ठेवायची, सुई बाहेर काढेपर्यंत का?