‘ड्रिफ्ट’ला काय म्हणावं? (घरच्या घरी खेळायच्या अवकाश-आरमाराचे नियम)

बुचवाला:
मंडळी, अडलंय. आम्ही काही मित्र रविवारी जमिनीवर काळं कापड अंथरून अवकाशातली आरमारी लढाई खेळतो. जहाजं घरीच केलेली: औषधाच्या बाटल्यांची बुचं, रिफिलचे तुकडे, एम-सील, वरून चंदेरी स्प्रे. नियम मूळचे ‘फुल थ्रस्ट’ नावाच्या इंग्रजी खेळाचे, पण इतके तोडून-जोडून घेतलेत की आता आमचेच म्हणायचे. हल्ली भाचेकंपनीही बसते, म्हणून सगळं मराठीत लिहून काढतोय.

प्रत्येकाने आपल्या जहाजांचे हुकूम गुपचूप कागदावर लिहायचे, मग सगळ्यांचे कागद एकदम उघडायचे. मागच्या फेरीत जहाज ८ इंच गेलं असेल तर या फेरीत इंजिन बंद ठेवलं तरी ते त्याच दिशेला ८ इंच जाणारच. तोंड हवं तिकडे वळवा, जाणार तिकडेच. याला आम्ही ड्रिफ्ट म्हणत आलोय. मी लिहिलं, ‘इंजिन न लावल्यास जहाज भरकटते.’ भाचा म्हणाला, “मामा, भरकटलं ना? मग कुठेही जाईल.” आणि उचलून थेट माझ्या सगळ्यात मोठ्या जहाजाच्या पाठीमागे ठेवलं. शब्द सुचवा, नाहीतर पुढचा रविवारही गेला.

त्रिज्या:
भाचा हुशार आहे. भरकटणे म्हणजे दिशा सुटणे. उलट तुमच्या जहाजाला दिशा सोडताच येत नाहीये! न्यूटनचा पहिला नियम आहे हा. सरळ ‘जडत्वाने जाते’ लिहा. नामच हवं तर ‘जडगती’.

अण्णा रत्नागिरीकर:
जडगती म्हटलं की जहाज पोटभर जेवून निघालंय असं वाटतं. इंजिन बंद पडलेली होडी आमच्याकडे वाहत जाते. ‘वाहणे’ लिहा, पोरांना समजावून सांगावं लागणार नाही.

त्रिज्या:
अहो अण्णा, वाहायला पाणी लागतं. प्रवाह नेईल तिकडे होडी जाते. अवकाशात प्रवाह कुठून आणायचा? इथे जहाज स्वतःच्याच आधीच्या वेगाने चाललंय, त्याला कोणी नेत नाहीये. शब्दात ‘दुसरा कोणीतरी नेतो’ हा अर्थ आला की नियम चुकला.

एसटीप्रेमी:
घाट उतरताना जुने ड्रायव्हर गाडी न्यूट्रलला टाकून ‘सोडायचे’. (करू नये, ब्रेकवर ताण येतो, ते असो.) ‘गाडी सोडली’ म्हणजे इंजिनाचा जोर नाही, पण गाडी चालू आहे. तेव्हा ‘जहाज सोडलेले असल्यास मागचाच वेग व मागचीच दिशा’. बोलीतलं आहे, कोणाला खटकणार नाही.

बुचवाला:
‘सोडलेले’ आवडलं. पण ‘क्षेपणास्त्र सोडले’ हेही आमच्या नियमांत आहे. दोन सोडणी एकाच पानावर आल्या की भाचा परत काहीतरी काढणार.

निर्मळवाणी:
मला आधी शीर्षकावरच बोलायचंय. अवकाशात आरमार कसलं? आरमार समुद्रावर. इथे यानसंघ किंवा यानदल म्हणायला हवं. आणि थ्रस्टला प्रणोद हा सुंदर शब्द असताना तुम्ही बहुतेक ‘इंजिनचा जोर’ वगैरे लिहिणार.

त्रिज्या:
प्रणोद हिंदी पाठ्यपुस्तकांत असतो, ‘प्रणोद तथा दाब’ असा मथळाच असतो. मराठीत ‘रेटा’ आहे की. ‘जहाजाचा रेटा ४’ म्हणजे एका फेरीत वेग ४ इंचांनी वाढवता किंवा कमी करता येतो. दोन अक्षरी शब्द, कागदावर चौकटीत मावतो.

अण्णा रत्नागिरीकर:
आरमारावर हात टाकू नका. शिवछत्रपतींपासूनचा शब्द आहे तो.

लेखणीबहाद्दर:
आहे, पण पोर्तुगीजांकडून आलेला. अर्मादा. आणि गंमत बघा, त्या शब्दाच्या पोटात पाणी नाहीच. मूळ लॅटिन अर्थ ‘शस्त्रसज्ज केलेली’. आर्मी त्याच घरातली. म्हणजे निर्मळवाणींच्या आक्षेपातली समुद्राची अट नंतर चिकटलेली आहे. अवकाशात आरमार बिनदिक्कत चालतं. उलट ‘ताफा’ म्हटलात तर डोळ्यांसमोर मंत्र्यांच्या गाड्या येतात.

निर्मळवाणी:
परका शब्द आहे हे तुम्हीच सिद्ध केलंत. आभार.

लेखणीबहाद्दर:
मग मोठ्या लढाऊ जहाजाला म्हणतात तो ‘गुराब’ही द्या सोडून, तो अरबी. मूळ अर्थ कावळा. सुकाणूही अरबी. आंग्र्यांचं अर्धं आरमार परत पाठवावं लागेल तुम्हाला.

बिनीवाली:
मी रोज बखरी वाचणारी, म्हणून नाक खुपसते. जहाज कुठल्या बाजूला मारा करू शकतं, ते कोन तुम्ही कसे लिहिता? पुढे-मागे-डावे-उजवे असेल तर पुढच्याला ‘बिनी’ आणि मागच्याला ‘चंदावल’ म्हणा. घोडदळाचे शब्द आहेत, पण काय बिघडलं! आणि एका बाजूच्या सगळ्या तोफा एकदम उडाल्या की ‘सरबत्ती’. आज फक्त प्रश्नांचीच सरबत्ती उरलीये, तिला जरा दारूगोळा मिळू दे.

बुचवाला:
सरबत्ती घेतली! कोन मात्र ६० अंशांचे सहा आहेत, त्यामुळे बिनीच्या डावीकडे-उजवीकडे काय हा प्रश्न उरतो. फाशांचा नियम असा लिहिलाय: १ ते ३ पडल्यास वार फुकट, ४ किंवा ५ ला एक घाव, ६ ला दोन घाव आणि पुन्हा दान. फासा टाकणे म्हणू की दान टाकणे?

अण्णा रत्नागिरीकर:
फासा टाकायचा, दान पडतं. आमची आजी सारीपाटाला बसली की दान चांगलं पडेपर्यंत कोणाला उठू देत नसे. ‘दान टाकणे’ तिने ऐकलं असतं तर पट उधळला असता.

एसटीप्रेमी:
आमच्याकडे नगरला सर्रास ‘दान टाक’ म्हणतात. आज्या तिथेही होत्या.

त्रिज्या:
मूळ प्रश्न ड्रिफ्टचा होता. माझं म्हणणं एवढंच की नियमातला शब्द कवितेतल्यासारखा सैल चालत नाही. त्यातून एकच अर्थ निघाला पाहिजे, कारण समोरचा हरायला आला की दुसरा अर्थ शोधतोच. गोड वाटत नसेल, पण ‘जडगती’त भाच्याला फट सापडणार नाही.

बिनीवाली:
एक नियम मात्र घ्याच. वारा पडला की मराठ्यांची गलबतं वल्ही मारून मोठ्या गुराबांना ओढत नेत. अठराव्या शतकातल्या इंग्रजी नोंदींत आहे. शत्रूच्या पिछाडीकडून भिडायचं, हेही त्यातच. तुमच्या मोठ्या जहाजाचं इंजिन मोडलं की लहानाने ओढायचं, असं ठेवा.

एसटीप्रेमी:
म्हणजे टोचन!

निर्मळवाणी:
पाहा, हा खरा मराठी शब्द. टोचणे या धातूपासून. आकडा टोचून ओढायचं ते टोचन. असले शब्द जवळ असताना अर्मादा कशाला?

एसटीप्रेमी:
ताई, टोचन म्हणजे टो-चेन. गॅरेजवाल्यांनी आणलेला.

निर्मळवाणी:
पुरावा द्या. मी ‘टोचणी’ हा पुरावा दिलेला आहे.

लेखणीबहाद्दर:
टोचणी मनाला लागते ताई, ट्रकला नाही.

बुचवाला:
टोचन मंजूर, कुठूनही आलेलं असो. आता नवं भांडण: ओढणाऱ्या गलबताचा रेटा ६, मेलेल्या गुराबाचा ०. दोघांचा मिळून ३ धरायचा की वस्तुमानाप्रमाणे वाटायचा? आणि मधेच टोचन तुटलं तर गुराब त्याच वेगाने पुढे… आता याला काय म्हणू?

अण्णा रत्नागिरीकर:
वाहत गेलं म्हणा.

त्रिज्या:
अण्णा!!