पहिला शोधनिबंध कुठे वाचावा? (बडोद्यातून, विषय भाषांतर)

जुनी_वही

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याच्या विद्यापीठात मराठीत पीएच.डी. करतेय, दुसरं वर्ष चालू आहे. विषय सयाजी साहित्यमालेतली, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या बडोदे दरबाराने काढलेल्या पुस्तकमालेतली, मराठी भाषांतरं. सकाळी शाळेत शिकवते, दुपारी हंसा मेहता ग्रंथालयात नाहीतर मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत बसते. माझ्या मार्गदर्शक मॅडमचं म्हणणं आहे की आता एक निबंध बाहेर जाऊन वाच, लोकांसमोर मांडल्याशिवाय आपलं काय कच्चं आहे ते कळत नाही.

गेल्या वर्षी एका ऑनलाइन ‘आंतरराष्ट्रीय’ परिषदेत बाराशे रुपये भरून निबंध वाचला होता. मला सात मिनिटं मिळाली. माझ्या आधी जलसिंचनावर निबंध, नंतर बँकिंगवर. एकही प्रश्न आला नाही. प्रमाणपत्र आलं, त्यावर निबंधाचं नाव दुसऱ्याच कुणाचं. त्या रात्री फार वाईट वाटलं, कारण त्या सात मिनिटांमागे माझं चार महिन्यांचं वाचन होतं.

रोज व्हॉट्सअ‍ॅपवर दोन-तीन पत्रकं येतात. कुठलं खरं आणि कुठलं नुसतं शुल्कासाठी, हे कसं ओळखायचं? मोठ्या परिषदेत जावं की लहान चर्चासत्रात? मराठीत वाचू की इंग्रजीत? शाळेतून वर्षाला फार तर दोनदा रजा मिळेल, म्हणून विचारून ठरवायचं आहे.

ओसरी

ताई, तुमचा शेवटून दुसरा प्रश्न आधी घेतो. पहिला निबंध लहान चर्चासत्रात वाचा. एका विषयाचं, एक किंवा दोन दिवसांचं, समांतर सत्रं नसलेलं. सगळे एकाच खोलीत बसलेले असतात, त्यामुळे तुमचा निबंध सगळ्यांच्या कानावर पडतो आणि जेवणाच्या वेळी कुणीतरी ताट घेऊन तुमच्याजवळ येऊन बसतं.

मी तीस वर्षं कॉलेजात शिकवलं. माझा पहिला निबंध अकरा माणसांपुढे वाचला होता, मी मोजली होती. त्यांतल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, “ही पोथी तुम्ही स्वतः पाहिलीत की छापील प्रतीवरून बोलताय?” मी छापील प्रतीवरून बोलत होतो. तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पोथी पाहा आणि मला पत्र लिहा. पोथी पाहायला गेलो, तर छापील प्रतीत दोन ओव्या गाळलेल्या निघाल्या आणि माझा सगळा मुद्दा त्या दोन ओव्यांवरच उभा राहिला. पुढची पाच वर्षं मी त्या एका प्रश्नावर काम केलं. दोनशे माणसांच्या सभागृहात तो प्रश्न कुणी विचारला नसता, वेळच नसतो.

म्हणून पत्रक आलं की आधी सत्राध्यक्षांची नावं वाचा. तुमच्या विषयावर ज्यांचं लिखाण तुम्ही वाचलेलं आहे, असं एक तरी नाव आहे का? असेल तर जा. बीजभाषण कोण करणार, उद्घाटनाला कोणते पाहुणे येणार, याला महत्त्व देऊ नका. उद्घाटन लांबतं आणि पहिल्या सत्रातल्या मुलांची वेळ कापली जाते, हे फार ठिकाणी पाहिलंय. पहिलं सत्र वाट्याला आलं तर पंधरा मिनिटांच्या निबंधाची आठ मिनिटांची आवृत्तीही जवळ ठेवा.

पुणे_ते_प्रतापगंज

ओसरीकाकांशी बराचसा सहमत, पण मोठ्या परिषदांना अगदीच बाजूला सारू नका. इंडियन हिस्ट्री काँग्रेस १९३५ मध्ये पुण्यात सुरू झाली. अधिवेशन बहुधा डिसेंबरच्या अखेरीस असतं, सभासद झाल्याशिवाय निबंध वाचता येत नाही, आणि प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक असे विभाग असतात. तुमचं काम आधुनिक विभागात सहज बसतं. मी तिथे गेलो तेव्हा माझ्या निबंधाला मोजून एक प्रश्न आला, पण चार दिवसांत ज्या लोकांशी ओळख झाली त्यांच्यामुळे पुढे तीन दप्तरखान्यांची दारं उघडली.

दुसरी प्राच्यविद्या परिषद, म्हणजे ऑल इंडिया ओरिएंटल कॉन्फरन्स. पहिलं अधिवेशन १९१९ मध्ये पुण्यात भांडारकर संस्थेत भरलं आणि सातवं १९३३ मध्ये तुमच्या बडोद्यात, इतिहासकार काशीप्रसाद जयस्वालांच्या अध्यक्षतेखाली. त्या अधिवेशनाचा छापील वृत्तांत १९३५ साली बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटनेच काढला. तो जाडजूड ग्रंथ एकदा चाळाच. निबंध किती आटोपशीर असू शकतो ते कळतं: आपल्याजवळ कोणतं साधन आहे, ते आधी कुणी पाहिलंय, त्यात नवं काय दिसलं, संपलं.

कोठीचा_जिना

मी गुजराती विभागाकडून बोलतो. घरात मराठी, शिक्षण गुजरातीत, असा मी पक्का रावपुऱ्याचा. जुनी_वहीताई, तुम्ही फक्त मराठी विभागांची चर्चासत्रं शोधताय असं दिसतं. साहित्यमालेत मराठी आणि गुजराती दोन्ही पुस्तकं निघाली. एकाच दरबाराच्या पैशातून, एकाच शहरात दोन भाषांत भाषांतरं होत होती, हा या विषयाचा प्राण आहे. तो पुण्यातल्या खोलीत अर्धाच कळेल. तुलनात्मक साहित्य, भाषांतर अभ्यास आणि गुजराती साहित्य यांची चर्चासत्रं धुंडाळा. सुरतेत, आणंद-विद्यानगरला, अहमदाबादला होत असतात, सकाळच्या गाडीने जाऊन रात्री घरी येता येतं, रजाही एकच लागते.

साहित्य अकादमीच्या परिसंवादांवरही नजर ठेवा. मुंबईच्या कार्यालयाकडे मराठी, गुजराती, कोंकणी आणि सिंधी या भाषा आहेत. तिथे वक्ते निमंत्रित असतात, त्यामुळे निबंध पाठवून काही होणार नाही, पण ऐकायला जा आणि नंतर बोलून या. आपल्या विषयावर कोण काम करतंय ते तिथे कळतं.

आणि एक सांगून ठेवतो. निबंध वाचण्याआधी बडोद्यात कोठीवरच्या सरकारी दप्तरखान्यात एकदा तरी जाऊन या. भाषांतरकारांना मानधन किती, हस्तलिखित कुणी तपासलं, कोणतं परत पाठवलं, असल्या कागदांचा माग लागला तर तुमच्या निबंधाला जमीन मिळेल. सगळं सापडेल असं नाही. पण “मी शोधलं, इतकं मिळालं” असं म्हणता येणं हेही चर्चासत्रात मोठं बळ असतं.

अनवट

शुल्काचं आणि नियमांचं मी सांगते, कारण यात बरीच मुलं फसतात.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमावलीत प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापून येणं आणि दोन चर्चासत्रांत वाचन करणं सक्तीचं होतं. २०२२ च्या नियमावलीत ती सक्ती राहिली नाही. विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमांत अजून अट असू शकते, म्हणून विभागाच्या कचेरीत लेखी विचारून घ्या, मित्रमैत्रिणींच्या ऐकीव माहितीवर राहू नका. सक्ती असो नसो, प्रमाणपत्रांची थप्पी लावायच्या नादात वर्ष निघून जातं, ते टाळा.

बरीच पत्रकं ‘केअर यादीतील नियतकालिकात प्रकाशन’ असं आमिष दाखवतात. ही यूजीसीची मान्य नियतकालिकांची यादी, आणि ती यादीच यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. त्यानंतरच्या पत्रकावर हे वाक्य दिसलं की मी ते तिथेच मिटवते. आयएसबीएनचंही तसंच. तो पुस्तकाचा ओळखक्रमांक आहे, कुणीही प्रकाशक मिळवू शकतो, त्यावरून आतला मजकूर कुणी तपासला हे कळत नाही.

शुल्क असणं वाईट नाही. दोन दिवसांचं जेवण, चहा, फाइल, कुणाच्या तरी खिशातून जातंच. पण गोषवारा पाठवल्यावर चार तासांत ‘स्वीकृत’ असं उत्तर आणि त्याच मेलमध्ये पैसे भरायचा क्यूआर कोड, म्हणजे कुणी वाचलेलं नाही. खऱ्या ठिकाणी थोडे दिवस जातात आणि कधी कधी “दुसरा परिच्छेद स्पष्ट करा” असं उत्तर येतं. असं उत्तर आलं तर आनंद माना. शंका असेल तर संयोजकांना सरळ फोन करा: सत्रात किती निबंध, प्रत्येकी किती मिनिटं, चर्चेला किती वेळ? जो संयोजक या तीन प्रश्नांची उत्तरं देऊ शकतो, तो बहुतेक नीट काम करतो.

जुनी_वही

सगळ्यांचे मनापासून आभार. कोठीचा_जिना, तुमचं वाचून आज दुपारी थोडा वेळ नुसती बसून राहिले. गुजराती बाजू मी खरंच टाळत होते, कारण गुजराती वाचता येतं पण त्यात लिहायची भीती वाटते. मग भाषेचं काय करू? आमच्या विद्यापीठाचं माध्यम इंग्रजी, बाहेरच्या लोकांना मराठी कळेल असं नाही.

ओसरी

ज्या भाषेत तुम्हाला प्रश्नाचं उत्तर देता येतं त्या भाषेत वाचा. निबंध कुठल्याही भाषेत लिहून काढता येतो, चर्चा येत नाही. गुजरातेतल्या चर्चासत्रात उताऱ्यांचं गुजराती भाषांतर कागदावर वाटा आणि मराठीत बोला, बडोद्या-सुरतेकडचे लोक समजून घेतात. पंधरा मिनिटांना छापील सहा पानं पुरतात, सातवं पान घरी ठेवा. पडद्यावर दाखवायचंच असेल तर पुस्तकांच्या शीर्षकपृष्ठांचे फोटो दाखवा, वाक्यं नकोत.

जुनी_वही

ठरवलं. दक्षिण गुजरातेत एका तुलनात्मक साहित्याच्या चर्चासत्राचं पत्रक आहे, फोन करून अनवटताईंचे तिन्ही प्रश्न विचारले. सत्रात चार निबंध, प्रत्येकी पंधरा मिनिटं आणि शेवटी अर्धा तास चर्चा. गोषवाऱ्याची सुरुवात अशी लिहिली आहे, कृपया सांगा:

“महाराजा सयाजीराव गायकवाड हे थोर, द्रष्टे राजे होते. त्यांनी शिक्षण आणि ग्रंथालयांना उत्तेजन दिले. सयाजी साहित्यमालेतील भाषांतरकारांनी आपल्या प्रस्तावनांत इंग्रजी संज्ञांना मराठी प्रतिशब्द शोधताना आलेल्या अडचणी नोंदवल्या आहेत. प्रस्तुत निबंधात निवडक प्रस्तावनांच्या आधारे या अडचणींचा विचार केला आहे.”

पुणे_ते_प्रतापगंज

पहिली दोन वाक्यं काढा. महाराजांविषयी आदर आहेच, पण ऐकणाऱ्यांना ते माहीत आहे आणि तुमचे चौदा शब्द त्यात गेले. तिसऱ्या वाक्यापासून सुरू करा. ‘निवडक’ म्हणजे किती? आकडा लिहा.

कोठीचा_जिना

आणि त्या प्रस्तावनांच्या शेजारी ‘श्री सयाजी शासनशब्दकल्पतरू’ ठेवा. १९३१ साली बडोदे सरकारने काढलेला राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश. इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द. भाषांतरकार एकेकटे ज्या शब्दांशी झगडत होते, त्यांतल्या कारभाराच्या शब्दांसाठी दरबाराने काय ठरवलं ते तिथे दिसेल. तुमच्या प्रस्तावनांतले दहा शब्द घ्या आणि कोशात काय दिलंय ते पाहा. जुळले तरी निबंध होतो, नाही जुळले तर जास्त चांगला होतो.

जुनी_वही

कोश सेंट्रल लायब्ररीत विचारते. प्रस्तावना नऊ आहेत, आकडा घातला. पहिली दोन वाक्यं काढली.

अनवट

नोंदणीची पावती जपून ठेवा, आणि शाळेत रजेचा अर्ज आजच द्या.